‘ब’ म्हणजे वाचता येतं का?

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. मी गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केला आणि उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. त्यामुळे धरणगावजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची पालकसभा ठरली, तेव्हा मी आधी पत्रक काढलं. मथळा: ‘शाळा कोणाची?’

मुलं काय शिकली ते शाळेने पालकांना सांगावं, असा आदेश वरून आला होता. आदेश जुनाच. पण सभा व्हायची सकाळी अकराला, गाव कापूस वेचायला गेलेलं असताना. शाळा भिंतींना सांगायची आणि सभा झाली असं वर कळवायची. या वेळी आम्ही काही जणांनी हट्ट धरला, म्हणून ती दिवेलागणीला मारुतीच्या पारावर आली. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला.

मी पत्रकं वाटत होतो. पारावरचे एक नाना म्हणाले, “भाऊ, निवडणूक लागनी का?”

“नाही नाना, शाळेचं आहे.”

“मंग चहा भेटाव नही.”

मुख्याध्यापकांनी रंगीत तक्ता टांगला. चौथीचा वर्ग समाधानकारक, असं ते वाचत असतानाच एक बाई उठली. शेतातून थेट आलेली, केसांत कापसाचे तंतू. तिची मुलगी चौथीत, तिच्या शेजारीच बसलेली. आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढे एसटीने धरणगाव.

“सर, मनी पोरले काय येस?”

“तिला ब श्रेणी आहे, अक्का.”

“ब म्हणजे तिले वाचता येस का?”

“तसं नसतं. मूल्यमापन सर्वंकष असतं, त्यात...”

“येस का नही, तेवढं सांगा. तिना बाप इठेच बठेल शे. तो म्हनस, वाचता येत नही ते धरणगावले कसाले धाडानी, कापूस वेचाले चाल.”

बाप मान खाली घालून तंबाखू मळत होता. मुख्याध्यापक तक्त्याकडे पाहू लागले. हाच तो क्षण, ज्यासाठी मी पत्रक लिहिलं होतं. भाषणही तयार होतं. मी उठणार, तोच तिने नानांच्या हातातलं पत्रक घेतलं आणि मुलीला दिलं.

“हाई वाच.”

मुलीने मथळा स्वच्छ वाचला. ‘शाळा आपली आहे’ हेही वाचलं. पुढचं वाक्य होतं, ‘उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर प्रस्थापित व्यवस्थेने बाळगलेले मौन’. ती ‘उत’वर थांबली, परत मागे गेली, परत थांबली.

“हाऊ शबद ते आमलेबी येत नही!” मागून कोणीतरी ओरडलं. पार हसला. माझ्याकडे बघून जरा जास्तच हसला.

त्या हसण्याआड मुख्याध्यापकांना लपता आलं असतं. अशा वेळी लपणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी तक्ता काढून गुंडाळला.

“तो शब्द अवघड आहे. पण सोपी जोडाक्षरंही तिला अडतात. साधं वाचते, जोडाक्षरं येत नाहीत. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं.”

बापाने मान वर केली.

“जोडाक्षरं जूनपर्यंत येतील,” मुख्याध्यापक त्याला म्हणाले. “शाळा सुटल्यावर मी तिला बसवतो. तिच्यासारखी आणखीही आहेत, त्यांनाही.”

बाईने पत्रकाची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत घातली. माझं पत्रक कोणी जपून नेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“पुढला महिनामा इठेच, बठ्ठा गावसमोर, मनी पोर हाऊ कागद वाची,” ती म्हणाली. “अडकनी ते तुमले इचारसू, सर. तिले नही.”

“आनि वाचता उनं ते?” बापाने विचारलं. संध्याकाळभरात तो तेवढंच बोलला.

“मंग धरणगावले,” ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून पार उतरली.