गार झाल्यावर मोजा

पहाटे पाचला तो उठायचा, कारण साडेपाचला बाप लोखंडी कातकामाचं लेथ चालू करायचा आणि त्याआधी ते पुसून, तेल घालून तयार लागायचं. पस्तिशी ओलांडली तरी गल्लीत त्याला नाव नव्हतं. तो ‘मिस्त्रीचा’. मिस्त्रीचा जेवला का, मिस्त्रीचा कुठे गेला.

काम मात्र त्याचं होतं. शाफ्ट तो कातायचा, केसभर फरक पडू द्यायचा नाही. मग बाप यायचा, मायक्रोमीटर लावून जाडी मोजायचा आणि टोकावर स्वतःच्या नावाचा ठसा ठोकायचा.

“बाबा, यावर माझा ठसा नको का?” त्याने एकदा विचारलं.

“यंत्र माझं, ठसा माझा. तू आधी गाल न कापता दाढी करायला शीक.”

तेही त्याने गिळलं. पण एकदा बापानेच घाईत शाफ्ट कातला आणि गरम असतानाच मोजला. लोखंड गार झालं की आकसतं, हे बापानेच त्याला कान पिळून शिकवलं होतं. दोन दिवसांनी गिऱ्हाईक शाफ्ट घेऊन दारात उभं. आकसलेल्या शाफ्टवर बेअरिंग सैल होऊन खुळखुळत होतं.

“पोराचा हात कच्चा आहे अजून,” बाप चारचौघांत म्हणाला.

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. निघाला तो निघालाच.

अकरा वर्षं परक्या कारखान्यात दुहेरी पाळ्या केल्या. उठायचा तिथेही पाचलाच, दातओठ खात. इकडे बापाची नजर अधू झाली, कामं आटली, लेथ विकायला निघालं. दलाल मध्ये घालून यानेच ते घेतलं आणि बापाच्या दारासमोर भाड्याने गाळा घेऊन मांडलं.

आठवडाभर म्हातारा पायरीवर बसून लेथचा आवाज ऐकत राहिला. आठव्या दिवशी आत आला.

“हात शिवशिवतात रे. एखादं काम दे.”

“घ्या की.”

म्हाताऱ्याने बोटांनी चाचपत शाफ्ट कातला. हात मायक्रोमीटरकडे गेला, तसा मुलगा मागून म्हणाला, “गार झाल्यावर मोजा, बाबा.”

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. शाफ्ट गार होईस्तोवर दोघे थांबले. माप अचूक निघालं. मुलाने खिशातून नवा ठसा काढला आणि एका घावात ठोकला.

“अरे, हा मी केलाय!”

“यंत्र माझं,” तो म्हणाला, “ठसा माझा.”

अकरा वर्षांच्या पगारात एवढंच आलं होतं. एक जुनं लेथ, आणि बोटाएवढा पोलादी ठसा. लेथ पोटासाठी होतं. ठसा त्याने या एका शाफ्टसाठी करवून घेतला होता.