टाकीतली हवा

श्रीवर्धनहून जीवना बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर विनेशचं पंक्चरचं दुकान आहे. पत्र्याची शेड, जुन्या टायरांची चळत आणि कोपऱ्यात लाल टाकीचा कॉम्प्रेसर. दिवसभर माणसं येतात ती हवेसाठी. कोणी रिक्षाचं चाक भरून घेतो, कोणी इंजिनाच्या जाळीतली रेती फुंकून काढतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की रंगारी आपली रंग फवारायची बंदूक याच टाकीला जोडतात.

हे यंत्र चालतं कसं, असं कोणी विचारलं तर विनेश सायकलचा पंप त्याच्या हातात देतो. तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या रेटायला सांगतो. चार वेळा रेटला की नळी हाताला ऊन लागते आणि अंगठा मागे ढकलला जातो. हवेची जागा कमी केली की ती तापते आणि सुटायला धडपडते. यंत्र तेच करतं, फक्त दमत नाही. दट्ट्या हवा ओढतो आणि दाबतो, झडप तिला मागे फिरू देत नाही, आणि ती टाकीत साठत जाते. थांबलेल्या एसटीखालून फुस्स आवाज येतो तोही अशाच दाबून ठेवलेल्या हवेचा. तिच्यावरच गाडीचे ब्रेक चालतात. टाकी निवली की हवेतला ओलावा पाणी होऊन तळाला उतरतो. खाऱ्या वाऱ्याच्या गावात ते पाणी रोज सोडलं नाही तर टाकी आतून गंजते.

पण विनेशचं नाव बंदरावर झालं ते चाकांमुळे नाही. त्याच्या थोरल्या बहिणीचा, केसरचा नवरा सदा पाणबुड्या होता. कुणाच्या होडीच्या पंख्यात जाळं गुंतलं, कुणाचा नांगर खडकात अडकला, की सदाला बोलावणं यायचं. तोंडात नळी धरून तो खाली जायचा आणि वर होडीत इंजिनावर चालणाऱ्या लहान टाकीच्या कॉम्प्रेसरजवळ विनेश बसायचा. खाली पाण्याचं वजन छातीवर येतं, तिथे नुसती उघडी नळी कामाची नाही. हवा दाबूनच पाठवावी लागते. सदाच्या कमरेचा दोरही विनेशच्या मुठीत असायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो डुलकी घेत नाही, असं सदाचे वडील म्हणत. खलाशी थट्टा करायचे, की भांडण झालं तर मेव्हणा दोर सोडून चहा प्यायला जाईल. सदा म्हणायचा, "जाऊ दे की. रात्री ताटावर गाठ हाय त्याची माझ्या बायकोशी."

आणि भांडण खरंच झालं. नांगरावरची होडी भरती-ओहोटी पालटली की हळूहळू तोंड फिरवते. वारा मात्र होता तिथूनच वाहतो. म्हणजे सुरुवातीला इंजिनाचा जो धूर होडीबाहेर जात होता, तोच फिरल्यावर कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर येतो आणि दाबला जाऊन खालच्या माणसाच्या छातीत उतरतो. म्हणून पाणी पालटायला लागलं की विनेश काम अर्धं असलं तरी सदाला वर घ्यायचा. मागच्या माघात त्याने असंच केलं. त्या दिवशी धूर आलाच नाही. होडीचा मालक सगळ्यांदेखत हसला आणि म्हणाला, पाणबुड्या कोण ते मेव्हण्याला विचारा. सदाला ते लागलं. गळाला लागलेल्या माशासारखं मला ओढतोस, असं तो म्हणाला आणि त्यानंतर विनेशशी बोलेनासा झाला. कॉम्प्रेसरवर त्याने आपला चुलतभाऊ रघू याला बसवला. रघू ताकदीचा आणि इमानी गडी; पण सुरुवातीला वारा बघून यंत्र मांडलं की झालं, एवढंच त्याला माहीत होतं.

चैत्रातल्या एका सकाळी केसर मासे विकून परतताना दुकानाशी थांबली. सदा बाहेर समुद्रात नांगरलेल्या मोठ्या होडीच्या पंख्यातलं जाळं कापायला गेल्याचं तिने सहज सांगितलं. विनेशने खाडीकडे पाहिलं. भरती संपून पाणी पालटलं होतं. हातातलं चाक तसंच टाकून तो धक्क्यावर गेला आणि एका ओळखीच्या माणसाच्या छोट्या होडीने निघाला.

लांबूनच त्याला दिसलं की सदाची होडी फिरली आहे. तो वर चढला तेव्हा रघू दोर धरून पाण्याकडे टक लावून बसला होता आणि त्याच्या पाठीमागे काळसर धूर कॉम्प्रेसरच्या तोंडावरून वाहत होता. विनेशने दोर घेऊन दोन हिसके दिले, म्हणजे वर ये. बऱ्याच वेळाने एक ढिला हिसका आला, म्हणजे ठीक आहे. शुद्धीवरचा माणूस असं उत्तर देत नाही. विनेशने दोर ओढला, पण तो खाली जाळ्यात अडकला होता.

त्याने वाकून इंजिन बंद केलं.

रघूने त्याचा दंड धरला. "काय करतोस? दादा खाली हाय!"

"टाकीत हवा हाय, रघू. धूर वळून फार वेळ झाला न्हाय, आतली हवा अजून बरीचशी चांगली हाय. इंजिन चालू ठेवलं तर विषच भरत जाईल."

"आणि संपली तर?"

"ती संपायच्या आत तू खाली जा. नळी धरून जा. दोर काप, पण त्याच्या तोंडातली नळी काढू नको."

खलाशी ओरडत होते, एकाने इंजिन पुन्हा सुरू करायला त्याची दोरी ओढायला हात घातला. विनेश यंत्रावर आडवा झाला. रघूने सुरी दातात धरली आणि उडी मारली. टाकीवरचा काटा सावकाश खाली येत होता. विनेशची नजर त्यावर होती आणि ओठ हलत होते. मग पाणी फुटलं आणि रघू सदाला काखेत धरून वर आला. सदाचे डोळे अर्धे मिटलेले होते, पण नळी दातात घट्ट होती.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. केसर पोचण्याआधी बंदरावरची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती: भांडण झालेल्या मेव्हण्याने खाली माणूस असताना हवा तोडली. ती विनेशच्या समोर उभी राहिली.

"तू यंत्र बंद केलंस?"

"व्हय, ताय."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. ती आत गेली आणि खाटेजवळ बसली. संध्याकाळी सदाने मास्क बाजूला केला तेव्हा खाली हवा तुटली होती का, असं तिने त्याला विचारलं.

सदा थांबत थांबत बोलला. "डोकं फुटत होतं. हात कुठं हाय ते कळत नव्हतं. पण हवा तुटली न्हाय, केसर. वर येईस्तोवर येत होती." जरा दम घेऊन त्याने विनेश कुठे आहे ते विचारलं. बाहेर बसलाय, असं ती म्हणाली. "त्याला आत पाठव," सदा म्हणाला, "आणि जेवला का ते विचार."

केसर बाहेर आली. भावाचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आत जाऊन आल्यावर विनेश पायरीवर बसलेल्या रघूजवळ गेला. रघू सकाळपासून तिथून उठला नव्हता आणि कुणाकडे मान वर करून बघत नव्हता. आपल्या हातून भाऊ मेला असता, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. विनेश त्याच्या शेजारी बसला.

"उद्या पाणी पालटताना बंदरावर ये," तो म्हणाला. "होडी कशी फिरते ते दाखवतो."