शेवटचा हात कोणाचा?

कॉम्प्युटर उघडला, दुरुस्त केला आणि परत बंद केला, की एखादा स्क्रू हमखास उरतो. कसा ते विचारू नका. माझ्या धायरीच्या दुकानात अशा स्क्रूंची एक बरणी आहे, मुळात लोणच्याची. किस्स्यांचंही तसंच होतं. प्रत्येक घरातून निघताना एखादा उरतो आणि तो कुठे बसवायचा ते न कळल्यामुळे आपल्याबरोबर येतो.

हे किस्से माझे आणि कांबळेकाकांचे. काकांनी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केली. रिटायर झाल्यावर हौस म्हणून माझ्या दुकानात यायला लागले आणि आता आम्ही दोघं मिळून घरोघरी जाऊन बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करतो. मी तापट, काका थंड. घरात शिरल्यावर काका आधी सगळ्यांना दारापाशी उभं करतात, हात पाठीमागे घ्यायला लावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "शेवटचा हात कोणाचा?" उत्तर मिळेपर्यंत स्क्रूड्रायव्हर बाहेर निघत नाही. कारखान्यात म्हणे न विचारता हात घालणारा माणूस दुसऱ्यांदा विचारायला उरत नसे.

सुरुवातीला मी वैतागून म्हणायचे, काका, हा काय बॉम्ब आहे का? काका म्हणाले, "दारात उभ्या असलेल्यांचे चेहरे बघ."

तेव्हापासून मी चेहरे बघते. माणसाचं काय काय त्या डब्यात अडकलेलं असतं, ते तिथे कळतं.

*

धायरीतच, आमच्या दुकानामागे एक मोठं शेतकरी कुटुंब राहतं. त्यांच्या नातीचं कॉलेजचं प्रोजेक्ट संध्याकाळी पाचला द्यायचं होतं आणि दुपारी बारापासून कॉम्प्युटर सुरूच होईना. पोरगी रडून रडून लाल झालेली. काकांनी आठ जणांना दारात उभं केलं आणि प्रश्न विचारला. आठही जण म्हणाले, कोणी हात लावला नाही. काकांनी बॅग बंदच ठेवली. घड्याळात दोन वाजले तरी माणूस हलेना.

शेवटी आजी पुढे आल्या. "घट बसायचं हायत. देव्हारा पुसला, तसा त्योबी पुसला. झाकण काढून. वल्या फडक्यानं."

आम्ही डिस्क बाहेर काढली, माझ्या लॅपटॉपला लावली आणि पाचला वीस मिनिटं असताना प्रोजेक्ट पोरीच्या हातात दिलं. पुन्हा असं करू नका, असं काका आजींना नम्रपणे सांगायला गेले. आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग घाण तशीच ठिवायची व्हय?"

*

एका पेठेतले गृहस्थ. कॉम्प्युटरवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवलेली, 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' आयुष्यभर जमवलेली टिपणं त्यात होती आणि प्रकाशक दुसऱ्या दिवशी घरी येणार होता. गृहस्थांचा आवाज कडक होता, पण हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

काकांनी प्रश्न विचारला. उत्तर आलं, "आपल्याला वाचता येत असेलच. इथे कोणीही हात लावत नाही."

मी कॅबिनेट उघडलं, केबल तपासल्या, मेमरी काढून परत बसवली. मशीन मेलेलं. तासभर गेला. मी पॉवर सप्लायच जळला असं म्हणणार, तेवढ्यात काका टेबलाखाली वाकले. तिथे एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवलेला होता आणि त्याचं बटण बंद होतं. गृहस्थ खुर्चीत बसले की त्यांची टाच बरोबर तिथे यायची. काकांनी बटण दाबलं, मशीन सुरू झालं.

मी म्हटलं, अहो, तुम्ही तर म्हणालात कोणी हात लावला नाही! गृहस्थांनी रुमालाची घडी घातली. "हाताचं विचारलंत. पायाचं विचारलं नव्हतंत."

*

एक आयटीतलं जोडपं. बाळाच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्या मशीनमध्ये आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. नवरा छातीठोकपणे म्हणाला, मी टच पण नाही केलं. काकांनी कॅबिनेटच्या मागची स्क्रूंची रिकामी भोकं पाहिली आणि त्याला एवढंच म्हणाले, "खिशातले स्क्रू टेबलावर ठेवा."

ठेवले. चार होते. ऑनलाइन व्हिडिओ बघून त्याने डिस्क काढली होती आणि परत लावताना केबल अर्धवट बसली होती. बायकोने चारही स्क्रू मोजून माझ्या हातात दिले. मशीन सुरू झालं, बाळ स्क्रीनवर हसलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, कॉपी मला द्या. ह्याला दाखवा फक्त."

त्या दिवसापासून काका प्रत्येक घरी बजावतात की आधी कॉपी, बाकी सगळं नंतर.

*

खडकीला, काकांच्याच गल्लीत एका मास्तरांकडे गेलो. मुलाची परदेशातली ॲडमिशन, मुलाखत ऑनलाइन, तीही चाळीस मिनिटांनी. मास्तर स्वतःहूनच हात मागे घेऊन उभे. काकांनी विचारलं, शेवटचा हात कोणाचा?

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "यांचा. गेल्या मंगळवारी."

मंगळवारी मी एकटीच येऊन मशीनचा पंखा साफ केला होता आणि त्याची वायर परत लावायला विसरले होते. मशीन तापून तापून बंद पडत होतं. मुलाखत वेळेत झाली, पण निघताना काकांनी पंख्याची वायर स्वतः पुन्हा एकदा तपासली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चहाला त्यांच्या घरी गेलो. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, वर भरतकामाचं कव्हर. वापरता का, म्हणून विचारलं. "आहे चांगला," काका म्हणाले आणि विषय बदलला.

*

शेवटचा किस्सा याच मे महिन्यातला. भर दुपारी काकांचा फोन आला, बॅग घेऊन घरी ये म्हणून. गेले तर डोक्यावर पंखा गरगरत होता आणि कॉम्प्युटरचं कव्हर काढलेलं होतं.

काकू शाळेत शिक्षिका होत्या, तीन वर्षांपूर्वी गेल्या. जाण्यापूर्वीच्या वर्षात त्या दुपारी माईक लावून नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करायच्या. नात तेव्हा तान्ही होती. आता ती नागपूरहून येणार होती, काकांच्या मुलीने गोष्टींबद्दल विचारलं होतं, म्हणून काकांनी तीन वर्षांत पहिल्यांदा प्लग लावून बटण दाबायला सांगितलं, तेही शेजाऱ्याला. मशीन सुरू झालं नाही. साऱ्या जगाला कॉपी काढायला लावणाऱ्या माणसाकडे कॉपी नव्हती.

काका आपणहून दारापाशी गेले आणि हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. मला प्रश्न विचारायचा नव्हता. पण उत्तर मिळाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

"काका, शेजाऱ्याने बटण दाबलं, ते सोडून. शेवटचा हात कोणाचा?"

"तिचा."

बटण दाबलं. मशीनचे पंखे फिरले, स्क्रीन काळी, तीन बीप, म्हणजे मेमरीची तक्रार. मेमरी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या. पुन्हा बटण. स्क्रीन उजळली, पण डिस्क सापडत नाही असा मेसेज. आतला बटणाएवढा सेल संपला होता. तीन वर्षं कोणी हात न लावल्यामुळे मशीन आपल्याजवळ काय काय आहे ते विसरलं होतं. सेल नंतरही बदलता आला असता. आधी कॉपी.

डिस्क काढून लॅपटॉपला लावली. काहीच दिसेना. डिस्कवर बोट ठेवलं, ती फिरत होती, मध्येच टक् करून थांबत होती, परत फिरत होती. केबल बदलली. पुन्हा टक्. वर बघायची हिंमत झाली नाही. दारातून आवाज आला, "वर्षा, घाई नको." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या केबलला फोल्डर उघडलं. एकवीस गोष्टी. एकेक करत सगळ्यांची कॉपी झाली. नीट आल्या आहेत का ते बघायला मी पहिली फाइल लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खरखर, मग काकूंचा आवाज, अगदी या खोलीतला.

"अहो, तो पंखा बंद करा बघू, सगळं रेकॉर्ड होतंय."

काकांनी पाठीमागचे हात सोडले, भिंतीवरच्या बोर्डापाशी गेले आणि पंखा बंद केला.