सरांच्या संग्रहातून

बँकेत नोकरीला लागले तेव्हापासून मी पुस्तकं विकत घेते आहे, आणि ती सगळी मोटारींची आहेत. कथा-कादंबऱ्या मी वाचनालयातून आणते. विकत घेते ती फक्त जुन्या गाड्यांच्या इतिहासाची. कुठली गाडी कोणत्या कारखान्यात बनली, इंजिन कोणी आखलं, किती बनल्या आणि त्यातल्या कुठल्या देशांत गेल्या, असली पुस्तकं. ती परदेशात छापली जातात, प्रती मोजक्याच निघतात, आणि संपली की किमतीला हात लावायची सोय राहत नाही. माझ्या बरोबरीच्या बायकांनी पाटल्या केल्या, तोडे केले. मी पुस्तकं केली.

हे माहेरचं आहे. सांगलीला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. जुन्या परदेशी गाड्या असलेली जी काही घरं त्या भागात होती, त्यांच्या गाड्या तिथे यायच्या. बोनेट उघडून वडील कानाने इंजिन ऐकायचे आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगायचे. मला ते ऐकून ऐकून कळायला लागलं. पण गाडी कुठून आली, कशी जन्मली, हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि ते मला हवं होतं. पगार सुरू झाल्यावर पहिलं पुस्तक मागवलं. ते टपालाने यायला अडीच महिने लागले.

लग्न होऊन साताऱ्याला आले. माझे मिस्टर हायस्कूलचे मुख्याध्यापक, आता निवृत्त. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. त्यांना गाडी चालवता येत नाही. आयुष्यभर स्कूटर चालवली, तीही पंक्चर झाली की ढकलत घरी आणायचे. आमची छोटी गाडी मीच चालवते. पुस्तकांना त्यांनी कधी विरोध केला नाही, आणि एकही कधी उघडून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एक फोन आला. सांगलीतल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाचे अध्यक्ष बोलत होते.

"सरांकडे गाड्यांच्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे असं कळलं. सरांशी बोलायचं होतं."

"बोला ना. पुस्तकं माझी आहेत."

"हो हो, वहिनी. पण सर आहेत का?"

सर होते. पेपर वाचत होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. आज वाटतं, तिथेच चुकलं. फोन कानाला लावून "सर इथे नाहीत आणि असले तरी त्यांना काही कळत नाही" म्हणायला हवं होतं.

रविवारी दोघे जण आले. एक ते अध्यक्ष, साठीचे, आणि दुसरे हळदीचे व्यापारी, चाळिशीतले. व्यापाऱ्यांच्या घरात आजोबांपासूनची एक अमेरिकन गाडी होती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मंडळ सांगलीत प्रदर्शन भरवणार होतं आणि त्या गाडीचं नेमकं साल पुराव्यानिशी हवं होतं. दोघे मिस्टरांच्या समोर बसले. मी चहा दिला आणि कपाटातून ते पुस्तक काढलं. माझ्या संग्रहातलं सगळ्यात महागडं तेच. त्या एका कंपनीचा संपूर्ण इतिहास, वजन चारेक किलो, मागे चेसिस नंबरांचे तक्ते. मी टीपॉयवर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर ते ठेवलं. अध्यक्षांनी जिभेला बोट लावलं आणि पान उलटलं.

मी म्हटलं, "मी उलटते पानं. तुम्ही फक्त नंबर सांगा."

व्यापाऱ्यांनी मोबाईलवरचे गाडीचे आणि चेसिस नंबराचे फोटो दाखवले. तक्त्यात तो सापडायला पाच मिनिटं लागली. ते सांगत होते त्याहून गाडी दोन वर्षांनी उशिराची होती. फोटोत दिसणारी रेडिएटरची जाळीही तिची नव्हती, दुसऱ्याच मॉडेलची होती. ते पान काढून मी दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी दाखवल्या. एकीत उभ्या पट्ट्या आहेत, दुसरीत आडव्या. शाळेतल्या पोरालाही दिसेल.

दोघांनी ते पाहिलं. मग अध्यक्ष मिस्टरांकडे वळून म्हणाले, "सर, तुमचं काय मत?"

मी मिस्टरांकडे पाहिलं. ज्या माणसाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक सांगता येत नाही, त्याने हनुवटीवर हात फिरवला आणि म्हणाला, "अभ्यास करावा लागेल."

त्या क्षणी मी का हसले ते मला अजून कळत नाही. रागाने थरथरायच्या जागी मी हसले, पाहुण्यांसमोर हसावं तसं. त्यांना पुस्तक आठ दिवसांसाठी हवं होतं, प्रदर्शनाच्या तयारीला. मी तोंड उघडायच्या आत मिस्टर म्हणाले, "न्या की. आठ दिवसांचा तर प्रश्न."

पुस्तक गेलं. पाहुणे फाटकाबाहेर पडल्यावर मी विचारलं, "कोणाचं पुस्तक दिलंत तुम्ही?"

"अगं, घरातलंच ना."

"घरातलं म्हणजे कोणाचं?"

ते म्हणाले, "तू उगाच वाढवतेस." हे वाक्य आमच्या घरात दर दोन-चार महिन्यांनी येतं, आणि ते आलं की बोलणं संपलं असं धरायचं असतं. त्या दिवशी मी धरलं नाही. पण बोलूनही उपयोग झाला नाही.

आठ दिवसांचे वीस झाले. फोन केला की "सरांना सांगतो" असं उत्तर. मग कुरियरने निमंत्रणपत्रिका आली. त्यात मिस्टरांचा सत्कार होता, 'ज्येष्ठ मोटार-अभ्यासक' म्हणून. मी ती पत्रिका त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"फोन करून सांगा त्यांना की अभ्यासक मी आहे."

"आता छापून झालंय. त्यांचीही अडचण समजून घे."

सगळ्यांची अडचण मी समजून घ्यायची. चौतीस वर्षं घेतली. फोन त्यांनी केला नाही. मला वाटतं त्यांना तो सत्कार आवडला होता. निवृत्त झाल्यापासून कोणी शाल दिली नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी मीच त्यांना गाडीने सांगलीला नेलं. सत्काराचं मला काही नव्हतं, मला माझं पुस्तक आणायचं होतं. वाटेत ते प्रवासभर बोलत राहिले, शाळेच्या जुन्या गोष्टी. उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "रागावलीस का?" मी म्हटलं, "हो." आणि चहाचे पैसे देऊन गाडी काढली.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात होतं. गाड्या ओळीने उभ्या, चकाकत होत्या. हळदवाल्यांची गाडी मधोमध होती. तिच्यापुढच्या पाटीवर साल तेच, चुकीचं, आणि खाली ओळ होती: 'सर्व भाग मूळचे'. शेजारच्या टेबलावर माझं पुस्तक उघडं पडलं होतं, दुपारच्या उन्हात. पान उडू नये म्हणून त्यावर पाना ठेवला होता. लोखंडी, तेलकट पाना. डाव्या पानावर चहाच्या ग्लासाचं गोल वळं उमटलं होतं. पुढे पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'सरांच्या संग्रहातून'.

मी पाना उचलून बाजूला ठेवला आणि पुस्तक मिटायला घेतलं. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक जण धावत आला. पन्नाशीचा असेल.

"आवं काकू, हात नका लावू. लय महागडं पुस्तक हाय ते."

मी त्याला म्हटलं, "किती महाग आहे ते मला ठाऊक आहे. ते मी विकत घेतलंय."

"सरांचं हाय न्हवं?"

"नाही."

तो गोंधळला. कोणाला तरी विचारायला गेला. मी पुस्तक छातीशी धरून पहिल्या रांगेत जाऊन बसले. कोणी मागायला आलं नाही.

मिस्टरांना वर बोलावलं. शाल, श्रीफळ, फेटा. मग माईक दिला. मला खरंच वाटत होतं की आता तरी हा माणूस खरं सांगेल. वाईट नाही तो. मुलांना पस्तीस वर्षं खरं बोला म्हणून शिकवलंय त्याने. त्यांनी घसा खाकरला, जुन्या गाड्या हा आपला वारसा आहे असं काहीतरी बोलले, आणि शेवटी म्हणाले, "या सगळ्यात माझ्या पत्नीचंही मोलाचं सहकार्य लाभलं."

टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. ठरवून नाही, पण राहिले. म्हटलं, "सहकार्य नाही. पुस्तकं माझी आहेत, अभ्यास माझा आहे. आणि त्या गाडीवरचं साल चुकलंय. जाळीही तिची नाही. हे मी तुमच्या अध्यक्षांना महिन्यापूर्वी सांगितलंय."

अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "वहिनी, आपण नंतर बोलू."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक म्हातारे मिस्त्री उठले. पांढरी टोपी, हातात काठी. "बाई बोलत्यात ते खरं हाय," ते म्हणाले. "जाळी म्याच बसवलीया. उसाच्या गाडीला धडकली व्हती तवा. मूळची पार चेपली. हितं दुसरी मिळंना, म्हनून मुंबईस्नं जी घावली ती आणून लावली."

लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं. एवढंच झालं. पाटी कोणी बदलली नाही. मी मुद्दाम निघेपर्यंत पाहिलं.

मिस्त्री माझ्याजवळ आले. "तुमी त्या गॅरेजवाल्यांच्या लेक न्हवं? आमचं दुकान समोरच व्हतं." मी हो म्हटलं. त्यांनी गाडीच्या पुढच्या आसाबद्दल विचारलं आणि आम्ही तिथेच टेबलावर पुस्तक उघडलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून अर्थ सांगत गेले, ते आकृतीवर बोट न टेकवता वरूनच दाखवत गेले, हे असं असतं, हे तसं असतं. पुस्तकात एके ठिकाणी चूक आहे असंही ते म्हणाले, आणि मला ते पटलं. अर्धा तास गेला. त्या सबंध महिन्यात मला माणूस म्हणून कोणी ऐकलं असेल तर त्या अर्ध्या तासात.

परत येताना मिस्टर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. कासेगावच्या पुढे म्हणाले, "तुला इतकं ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं."

त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. ती पुस्तकं आमच्या दिवाणखान्यात आहेत, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर पाठीमागे. चौतीस वर्षं. मी त्यांना तेवढं सांगितलं आणि परत गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात सत्काराची बातमी आली, मिस्टरांच्या फोटोसह. मी मंडळाला पत्र लिहिलं, दुरुस्ती मागितली, चहाच्या डागाबद्दल लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सुरुवात होती, 'आदरणीय सर'. ते मिस्टरांनी उघडलं, वाचलं, आणि कागद घेऊन टेबलाशी बसले. मग त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात मंडळाला लिहिलं की हे पत्र माझ्यासाठी नाही, ज्यांचं आहे त्यांच्या नावे पाठवावं, आणि सत्कार चुकीच्या माणसाचा झाला आहे. मला न सांगता पोस्टात टाकून आले. पोचपावती आली तेव्हा मी विचारलं, म्हणून मला ते कळलं.

दुसरं पत्र अजून आलेलं नाही. डाग निघत नाही. खोडरबर लावला तर छपाई जाईल, म्हणून तसाच ठेवलाय. मिस्त्री महिन्यातून एकदा फोन करतात, एखाद्या गाडीचं काही अडलं तर. परवा मिस्टरांनी उचलला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, ते म्हणत होते, "थांबा, मला त्यातलं काही कळत नाही, तिला देतो."

फोन घेतला तेव्हा माझे हात पिठाचे होते. पलीकडून मिस्त्री विचारत होते, एका गाडीच्या मागच्या चाकाचे स्पोक किती. मी म्हटलं, धरा, बघून सांगते.