कॅप्टन सबनीसांची टाकी

कॅप्टन सबनीस प्रत्येक प्रवाशाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून बघायचे. "आवळलं तर चालेल, ढिलं नको," म्हणायचे. मुरुडला पर्यटकांसाठी पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान होतं. ते चालवायचे सबनीस, धक्क्यावरची व्यवस्था बघायचे मी.

एवढा काटेकोर माणूस इंधनाच्या बाबतीत मात्र अंत बघायचा. पिंपातून हातपंपाने टाकी भरायचा त्यांना भारी कंटाळा. "भरल्या टाकीचं विमान म्हणजे गाभण म्हैस, मॅडम. पाण्यावरून उठत नाही." मी भांडायचे, ते हसायचे.

त्या दुपारीही मी म्हटलं, "आधी भरून घ्या."

"किल्ल्याला एक फेरी आणि परत. पुरेल."

विमानात पालीच्या राधाआजी आणि त्यांचा मुलगा होता. मुलाला फोटो हवे होते, म्हणून सबनीसांनी एकाच्या तीन फेऱ्या मारल्या. परतताना इंजिनाचा आवाजच थांबला. विमान खाली आलं, जाळी बांधायच्या खांबाला धडकलं आणि उलटलं. धक्क्यावरच्या कोळी पांडूनानांनी होडी हाणली. मी धक्क्यावर उभी. लांबूनच ते ओरडले, "बाय, समदी हायेत! कोन गेला न्हाय!"

आजींचं मनगट मोडलं होतं. बरगड्या मोडलेल्या असताना सबनीसांनी दोघांना बाहेर ओढलं होतं, आजींना धरून ठेवलं होतं. गावाने त्यांना शाल-नारळ दिला. चौकशीत टाकी कोरडी निघाली.

"वारा समोरून होता," ते मला म्हणाले.

"वारा टाकी पितो का, कॅप्टन?"



परवाना गेला. नाशिकला बहिणीकडे जाण्याआधी त्यांनी मला पालीला सोबत नेलं; एकट्याने जाववत नव्हतं. प्लास्टरमधला हात उचलून आजी शेजारणींना सांगत होत्या, "ह्यानं धरलं म्हणून मी हाय." सबनीस खाली मान घालून बसले. मला वाटलं, आता बोलतील.

"आजी, तुमचा हात..."

"हाताचं काय घेऊन बसलास? चहा घे."

त्यांनी चहा घेतला.

स्टँडवर मी फुटलेच. "एक वाक्य होतं, कॅप्टन! 'टाकी मी भरली नाही.' एवढंच!"

"त्यांना आता आणखी कशाला त्रास," ते पुटपुटले.

एसटी आली, ते चढले. मी हात केला नाही. पुढे वर्षभरात ते झोपेतच गेले. आता भांडायलाही कोणी उरलं नाही, आणि राग मात्र आहे तसाच आहे.