मिश्री सोडताना

आईने आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती मिश्री बोटाने दातांवर घासत बसायची. आमच्या कोल्हापूरच्या गल्लीत बहुतेक बायकांचं तेच होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला जेवताना तिखट झोंबायला लागलं, म्हणून मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गालाच्या आत आरसा धरून मला दाखवलं. करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता.

"मिश्री आजपासून बंद. मऊ ब्रश, सकाळी आणि झोपताना. पंधरा दिवसांनी चट्टा तसाच असला, तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

रिक्षात आईने विचारलं, "कॅन्सरचं म्हणतोय व्हय रं त्यो?"

"बघू म्हणालेत."

"बघू म्हंजे व्हयच की."

दुसऱ्या दिवशी तिने ब्रश चालवला तो मिश्रीच्या बोटासारखाच, आडवा आणि जोर लावून. मोरीत रक्त पडलं. बायकोने तिचा हात धरून शिकवलं: ब्रश हिरडीपाशी तिरका टेकवायचा, वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर, आणि हलक्या हाताने.

"आसं गोंजारून दात साफ निघत्यात व्हय?" आई म्हणाली.

"भांडी न्हवंत ती, आई," बायको म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी घरभर तंबाखू भाजल्याचा वास आला. आई तव्यापुढे बसली होती.

"शेजारणीची हाय. तिच्या घरात बाळ हाय, धुराचा ठसका लागतोय त्याला."

"आ कर."

मी बॅटरी मारून गाल, जीभ, दातांच्या फटी, सगळं पाहिलं. काळं काही नव्हतं. पेस्टचा वास येत होता.

"झाली झडती?" ती म्हणाली. मग खाली बघत, "वास तरी घिऊ दे की."

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी बराच वेळ आरसा फिरवला. मी त्यांच्या भुवयांकडे पाहत होतो.

"कडा पुसट झाल्यात. आज तुकडा काढत नाही. अजून पंधरा दिवस पाहू. पण मिश्रीचं बोट लागलं तर—"

"लागत न्हाय," आई म्हणाली.

संध्याकाळी बॅटरी जागेवर नव्हती. शोधत बाहेर आलो, तर आई शेजारणीच्या उंबऱ्यावर उभी होती.

"हितनं फुडं भाजून मिळायची न्हाय," ती तिला सांगत होती. "आन् आता आ कर."