विद्याताई हरली, मग एक नंबर कुणाला?

भीतीचे किस्से मास्कसारखे असतात. एक शोधायला पर्समध्ये हात घालावा तर चार निघतात, आणि चारही वापरलेले. परवा कुणीतरी नुसतं "इलेक्शन" म्हटलं आणि मी तासभर बोलत बसले.

मुळात मी भित्री. गॅस बंद केला का बघायला तीनदा मागे फिरणारी. त्यात कोविडचं वर्ष, मला सातवा महिना, आणि घरी सासूबाई. त्यांना दोनदा न्यूमोनिया होऊन गेलेला, जिना चढल्या तरी धाप लागायची. नवरा, प्रशांत, सिडनीच्या एका लॅबमध्ये नोकरीला. हॅरिस पार्कला भाड्याने राहायचा आणि शुक्रवारी विमानाने ब्रिस्बेनला, आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरी यायचा. सिडनी दुसऱ्या राज्यात. मग आमच्या राज्याची बॉर्डर बंद झाली आणि तो तिकडेच अडकला. परवानगीचा अर्ज दोनदा परत आला. घाबरायला मला घराबाहेर जायची गरजच नव्हती.

*

आमचा सकाळी तळ्याभोवती चालायचा ग्रुप होता. त्यातली विद्याताई पक्षाची जुनी कार्यकर्ती. राज्याची निवडणूक आली तशी तिने तिकीट मागितलं. तिचं म्हणणं सरळ होतं: बॉर्डर बंदच ठेवा, पण कुणाचं बाळंतपण असेल, आजारपण असेल, तर घरच्या माणसाला टेस्ट करून आत घ्या आणि चौदा दिवस वेगळं ठेवा. हे ऐकलं त्या दिवशी मी कितीतरी आठवड्यांनी पोटभर जेवले.

तिकीट कुणाला हे पक्षाचे मेंबर मत देऊन ठरवतात. मग काय, आम्ही सगळेच मेंबर झालो. पुढाकार मिलिंदचा. मिलिंद पुण्याचा, आयटीतला, घरातल्या डाळींचीसुद्धा एक्सेल शीट ठेवणारा. त्याच्या गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून, प्रत्येकाने आपापलं पेन आणून, अकरा फॉर्म भरले. वर पोहे झाले. विद्याताई आमदार झालीच असं धरून आम्ही तिच्याकडे पार्टीसुद्धा मागितली.

पक्षातल्या मतदानाचा दिवस आला आणि आमच्यातल्या एकालाही मतपत्रिका आली नाही. मिलिंदने फोन केला. पलीकडून सांगितलं, मत द्यायचं तर वर्षभर जुना मेंबर लागतो. फॉर्मच्या मागेच लिहिलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याच्या बरोबर खाली सह्या केल्या होत्या.

विद्याताई चार मतांनी हरली.

*

तिकीट जिंकलेल्या गृहस्थांचं धोरण म्हणजे बॉर्डरला कडी, वर कुलूप, सूट कुणालाही नाही. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, धंदे बुडतायत, उघडा सगळं. म्हणजे आपल्या पक्षाला मत दिलं तर प्रशांत बाहेर, आणि दुसऱ्याला दिलं तर व्हायरस आत, थेट सासूबाईंच्या खोलीपर्यंत. विद्याताईने मधलं एक दार दाखवलं होतं, ते तिच्याबरोबर गेलं.

या गृहस्थांनी झूमवर मीटिंग ठेवली. मी धीर करून विचारलं की माझी डिलिव्हरी आहे, नवरा सिडनीत आहे, त्याचं काय? त्यांनी फार आपुलकीने ऐकून घेतलं. मग विचारलं, घरी कुणी आहे ना? म्हटलं सासूबाई आहेत. "देन नो वरीज!" म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास कुत्र्यांच्या पार्कच्या कुंपणावर बोलले.

माझा कॅमेरा चालू होता. मी रडतेय हे मला स्क्रीनवर बघून कळलं.

*

मिलिंद संतापला. मी मतच देणार नाही म्हणाला. इथे मतदान सक्तीचं, दंड होतो. तर म्हणाला, कोरी मतपत्रिका टाकून येतो. पण नागरिकत्व मिळून त्याला जेमतेम सहा महिने झालेले. दुसऱ्या दिवशी तळ्यापाशी हळूच विचारतो, "शीतल, कोरी कुणी टाकली हे त्यांना कळतं का गं? नागरिकत्व काढून घेत असतील का?"

मी म्हटलं, कोरीवर अक्षर नसतंच, कळणार कसं? त्याचं समाधान झालं. दोन पावलं चालला आणि थांबला. म्हणाला, पण मत द्यायच्या पेन्सिलीवर बोटांचे ठसे?

हा माणूस पुण्यात कॉलेजात असताना मोर्चे काढायचा.

*

सासूबाईंचं हे इथलं पहिलंच मतदान. आमच्या आई नागपूरच्या. मताच्या दिवशी पांढरी साडी, सकाळी अंघोळ, आणि मत देऊन आल्याशिवाय चहा नाही. पण त्यांना सवय बटण दाबायची. इथे चारही उमेदवारांना पसंतीने नंबर द्यावे लागतात, चौकटी रिकाम्या राहिल्या तर मत बाद. म्हणून मिलिंदने आमच्या अंगणात उभं राहून त्यांची शिकवणी घेतली. कागदावर चार भाज्या: भेंडी, वांगं, कारलं, दोडका.

आईंनी वांग्याला एक, भेंडीला दोन, दोडक्याला तीन दिले आणि कारलं सोडून दिलं. मिलिंद म्हणाला, कारल्यालाही नंबर द्या. त्या म्हणाल्या, मला कारलं नको. तो म्हणाला, नको असलं तरी द्यायचा. आईंनी कागद जवळ ओढला.

"म्हणजे काय नको तेही इथं सांगा लागते," म्हणाल्या. "बरं आहे. तिकडं ते मनातच राहते."

मग चार लिहिला, चांगला ठळक.

*

मतदानाच्या आठवडाभर आधी विद्याताई दारात. अंगात पक्षाचा टी-शर्ट, हातात त्याच गृहस्थांची कार्डं, कुणाला कितवा नंबर द्यायचा ते छापलेली. मला इतका राग आला की मी तिला आत ये म्हटलं नाही. तसंही कोविडमुळे म्हणता येत नव्हतंच.

ती म्हणाली, मी तिकीट हरले, पक्ष सोडला नाही. मी विचारलं, मग तूच सांग मी काय करू? प्रशांतला आणू की आईंना जपू?

तिने कार्ड पुढे केलं नाही. टपालपेटीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"निकाल ऐकला तेव्हा मला आधी तुझंच पोट दिसलं," म्हणाली. "मला नको विचारूस, शीतल."

ती गेल्यावर मी कार्ड सॅनिटायझरने पुसलं. त्या वेळी आम्ही सगळंच पुसायचो.

*

आणि मग मतदान. शाळेच्या हॉलबाहेर लांब रांग, जमिनीवर दीड-दीड मीटरवर गोल. आई पांढऱ्या साडीत, मास्क घालून, माझ्या पुढच्या गोलात. मागे कुणी खोकलं की मी पोटावर हात ठेवायचे आणि नजर आईंच्या पाठीवर. मला काहीच ठरवता येत नव्हतं. आठवा महिना लागला होता, आणि प्रशांतने सकाळीच फोनवर सांगितलं होतं की त्याने बाळासाठी टोपी घेतलीय.

आत पेन्सिल हातात घेतली आणि शेजारच्या आडोशातून आईंचा श्वास ऐकू आला. मास्कमधून शीळ घातल्यासारखा. मग मला फार विचार करावा लागला नाही. कडी-कुलूपवाल्या गृहस्थांना एक दिला. प्रशांतची माफी मागितली, मनातल्या मनात, आणि घडी घालून पेटीत टाकलं.

गाडीत बसलो. आईंनी मास्क काढला, डावं बोट उलटसुलट करून बघितलं. म्हणाल्या, इथं शाईच लावत नाहीत, लोकांना कळणार कसं? मग सीटबेल्ट लावता लावता, भाजी काय करायची हे सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "येते आता प्रशांत."

मी विचारलं, कसा?

"मी त्या दुसऱ्याले एक नंबर दिला. उघडाच म्हटलं. माझी छाती तशीही वापरून झाली, पोरी. लेकराला बाप पाहिजे." जरा श्वास घेतला. "त्या कुलूपवाल्याले चार. ठळक. तू काय केलं?"

मागे गाड्यांची रांग लागली होती. मी आरशात बघितलं, रिव्हर्स टाकला.

"मीही तेच, आई," म्हटलं.